जुना टाका

दारासुरमच्या अलीकडे रस्त्यावर एक स्पीडब्रेकर आहे. त्याच्यावरचा पांढरा रंग कधीच उडून गेलाय, त्यामुळे तो ज्याला ठाऊक त्यालाच ठाऊक. भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला ठाऊक नव्हता. गाडी उडाली, आपटली, आणि मागच्या सीटवर बसलेल्या श्रीविद्याच्या ओटीपोटात उजव्या अंगाला एक चिमटा बसला. बसला आणि गेला. ड्रायव्हर ‘सॉरी मा’ म्हणाला. शेजारच्या सासूबाईंनी, सुब्बलक्ष्मी अम्मांनी, आधी मांडीवरची एरंडेलाची बाटली सावरली, मग सुनेकडे पाहिलं, आणि गाडी पुन्हा आपल्या चालीनं कुंभकोणमकडे निघाली. जगाच्या दृष्टीनं गोष्ट तिथे संपली. श्रीविद्याचा हात मात्र पोटाखाली गेला तो तिथून हलेना. तिथे थोरल्या लेकीच्या, नित्याच्या, वेळची सिझरची आडवी खूण होती. वरची खूण म्हणजे नुसती दुकानाची पाटी. खरा माल आत. आत गर्भाच्या पिशवीवर दुसरी एक खूण होती, ती कुणी पाहिलेली नव्हती, आणि गेले नऊ महिने ती त्या न पाहिलेल्या खुणेवर डोळा ठेवून बसली होती.

“काय गे, दुखतें?” अम्मांनी विचारलं.

“नाही अम्मा. गचका बसला उगाच.”

“ओलें लागतें का बघ.”

“नाही लागत.”

“मग उगी बस. देवीकडून येतों आहों आपण. अवघें ती बघते.” मग पुढे वाकून ड्रायव्हरला तमिळमध्ये, वेगळ्याच करड्या आवाजात, “हळू चालव बाबा, गाडीत काय आहे ते बघून चालव.”

घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, हे तंजावरकडच्या या मराठी घराण्यात तीनशे वर्षं चालत आलेलं. श्रीविद्यालाही त्याचं काही वाटत नसे. तिला आत्ता वाटत होतं ते एवढंच की पोटातलं बाळ हललेलं नाही. गचक्यानंतर नाही. त्याआधी कधी हललं होतं? तिरुक्करुगावूरच्या देवळात, गर्भरक्षांबिकेसमोर हात जोडले तेव्हा हललं होतं, की ती नुसती आपल्याला हवी असलेली आठवण? शिवलं होतं तिथलं उसवलं तर आवाज होतो का? तिरुभुवनमच्या रेशीम सोसायटीत तिचं काम साड्या तपासण्याचं. उजेडासमोर साडी धरायची, विरळ जागा शोधायची, तुटलेला धागा जोडलेली गाठ बोटांनी हुडकायची. तुटेल तो धागा तुटायच्या आधी ओळखणं हीच तिची नोकरी, आणि घरी तिला सगळे भित्री म्हणायचे. गॅस बंद केला की नाही ते बघायला ती जिन्यावरून परत फिरायची. नित्याला ताप आला की थर्मामीटरवर तिचा विश्वास बसायचा नाही. तिचा नवरा रविशंकर पॉलिटेक्निकात रसायनशास्त्र शिकवायचा. तो म्हणायचा, तुला हजार वेळा भीती वाटते आणि हजार वेळा काही होत नाही, यावरून तरी शीक काही. ती काय शिकणार? एक हजार एकाव्या वेळेला काय होईल, ते कुणी सांगितलंय? एवढ्यात बाळानं बरगडीखाली सणसणीत लाथ मारली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. अम्मा खिडकीबाहेर भाताची खाचरं बघत होत्या. त्या म्हणाल्या, “गुरुवारीं रोहिणी आहे. राहुकाळ दुपारीं. सकाळीं डॉक्टरम्मानें घेतलें मणजे झालें.” आणि श्रीविद्या नेहमीप्रमाणे काही बोलली नाही.

न बोलण्याचं कारण साधं होतं आणि भयंकर होतं. गुरुवारी पोट उघडून बाळ बाहेर काढायचं, हे घरात ठरलं होतं. पंचांग बघून, दवाखान्यात वेळ मागून, तंजावरला तिच्या अप्पांना फोन करून ठरलं होतं. आणि श्रीविद्यानं डॉक्टर त्रिपुरसुंदरींना सांगून ठेवलं होतं की मी गुरुवारी येणार नाही. मी कळांची वाट बघीन. हे रविशंकरला अर्धं ठाऊक होतं. अर्धं अशासाठी की त्यानं पूर्ण ऐकूनच घेतलं नाही. “तू म्हणशील तसं,” तो म्हणाला आणि चष्मा पुसत बसला. या वाक्यासारखा कोरडा आधार दुसरा नाही. तू म्हणशील तसं, म्हणजे बुडालीस तर तू बुडालीस. तिला त्याच्याशी भांडावंसं वाटलं होतं. त्यानं ‘नको’ म्हणावं, मग आपण कारणं द्यावीत, आणि ती देता देता आपल्यालाच ती पटावीत. पण त्यानं नकार दिला नाही, म्हणून तिची कारणं तिच्याच पोटात राहिली, बाळाच्या शेजारी.

कारण खरं म्हटलं तर एकच होतं, आणि ते नित्याच्या जन्माच्या दिवसात अडकलेलं होतं. पहिलटकरीण माहेरी, म्हणून ती तंजावरला गेली होती. कळा पहाटे सुरू झाल्या. अंगात कुणीतरी दुसरंच शिरून आपलं काम करतंय आणि आपण नुसती जागा करून द्यायची, असं काहीतरी. भीती होतीच, ती कुठे जाते. पण त्या दिवशी भीतीला काम मिळालं होतं, ती श्वास मोजत होती, पलंगाची दांडी धरत होती. दुपारपर्यंत नर्स म्हणत होती, छान चाललंय. तिच्या अप्पांना मात्र तो दिवस पुढे सरकत होता हेच सोसत नव्हतं. राजगोपालराव रजिस्ट्री कचेरीतून निवृत्त झालेले, मऊ बोलण्याचे, मुंगीलाही वाट करून देणारे. त्यांच्या पिशवीत पंचांग होतं. संध्याकाळी पुष्य नक्षत्र संपून आश्लेषा लागत होतं. आश्लेषावरची मुलगी सासूला जड. तिला स्थळ मिळत नाही. मुलगा झाला तर प्रश्नच नाही, पण आत काय आहे ते कोण सांगणार? अप्पा तिथल्या डॉक्टरांशी हलक्या आवाजात बोलले. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मग श्रीविद्याच्या उशाशी येऊन ते म्हणाले की तसं सावकाशच चाललंय, थांबण्यात अर्थ नाही. आई भिंतीशी उभी होती; तिनं फक्त पदर तोंडाला लावला. श्रीविद्याला कुणी विचारलं नाही. एक कागद पुढे आला, तिनं दोन कळांच्या मधल्या मोकळ्या जागेत सही केली, आणि अर्ध्या तासात भुलेनं छातीखालचं सगळं अंग दुसऱ्याच कुणाचंतरी झालं. पुष्य असतानाच नित्या बाहेर आली. अप्पांच्या डोळ्यांतून आनंदाचे अश्रू वाहिले. खोटे नव्हते ते. पुढे बारशाच्या सुमाराला रविशंकरनं कॉम्प्युटरवर पत्रिका काढली, तर दुसऱ्या गणिताच्या पंचांगाप्रमाणे आश्लेषा दुपारीच लागून गेलं होतं. अप्पांचं पंचांग जुन्या ‘वाक्य’ पद्धतीचं, कॉम्प्युटरचं नव्या गणिताचं. दोघांत काही तासांची तफावत. म्हणजे पोट फाडलं ते फाडलं, आणि आश्लेषा ते आश्लेषाच. घरात यावर कुणी चकार शब्द काढला नाही. अप्पा पंचांग पिशवीत घालून तंजावरला गेले, आणि तेव्हापासून नित्याच्या वाढदिवसाला दोन्ही घरांत कुणी नक्षत्राचं नाव घेत नाही. घ्यायचंच तर सगळे म्हणतात, पुष्य.

डॉक्टर त्रिपुरसुंदरींनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, “पहिलं सिझर कशासाठी झालं?” श्रीविद्यानं तोंडपाठ उत्तर दिलं होतं, बाळ पुढे सरकत नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवून पुढचं विचारलं. सातव्या महिन्यात एकदा ती एकटी गेली, बाहेर बसलेल्या बायका संपल्या, आणि तिनं एकदम सांगून टाकलं. आश्लेषा, अप्पा, घड्याळ, सगळं. डॉक्टर पन्नाशीच्या, केसांना कधी रंग न लावणाऱ्या, बोलण्यात साखर न घालणाऱ्या. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, “हे आधी सांगायचं होतंस. यानं हिशेब बदलतो. कळा चांगल्या चालल्या असताना थांबवल्या असतील, तर तुझ्या शरीराला जमत नाही असं म्हणता येणार नाही.” आणि मग त्यांनी दोन्ही वाटा मांडल्या. कळांची वाट बघितली तर शंभरातल्या सत्तर-पंचाहत्तर जणी नीट सुटतात. उरलेल्यांचं आयत्या वेळी पुन्हा सिझर होतं, आणि आयत्या वेळचं सिझर हे ठरवून केलेल्यापेक्षा वाईट. दोनशेत एकीचा जुना टाका कळा सोसत नाही, पिशवी फाटते. फाटली तर मिनिटांचा खेळ असतो. बाळ जाऊ शकतं, पिशवी काढून टाकावी लागू शकते, आईही जाऊ शकते. पण पुन्हापुन्हा पोट उघडणंही फुकट नसतं. आतली आतडी चिकटतात, पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यातच रुजून बसते. “मी कुठलीच वाट तुझ्यावर लादणार नाही. मात्र कळा सुरू झाल्या की घरी बसायचं नाही. दिवसा ये, रात्री ये, भुलेचे डॉक्टर आणि रक्त तयार असेल तेव्हाच मी हे करते.” आणि मग, श्रीविद्या उठत असताना, त्यांनी तो प्रश्न विचारला जो तिला कुणी कधीच विचारला नव्हता: “तुला काय हवंय?”

तिला काय हवं होतं ते तिनं सांगितलं, आणि तेव्हापासून त्या दोनशे बायका तिच्या डोक्यात येऊन बसल्या. त्यांना तिनं लग्नाच्या हॉलमध्ये बसवलं होतं. लांबच लांब पंगती, केळीची पानं, दोनशे गरोदर बायका मांडी घालता येत नाही म्हणून बाकांवर बसलेल्या. वाढपी येतात, सार वाढतात, भात वाढतात. एकशे नव्व्याण्णव जणी जेवून, हात धुऊन, विडा घेऊन घरी जाणार. एकीच्या पानावर काहीतरी वेगळं वाढलं जाणार. कधी ती तिसऱ्या पंगतीतली पिवळ्या साडीतली असायची, कधी दाराजवळची. श्रीविद्या पंगतीच्या टोकापासून शोधत जायची आणि प्रत्येक चेहरा बघून म्हणायची, ही नव्हे, ही नव्हे. असं करत करत शेवटी एकच पान उरायचं, आणि त्या पानासमोर ती स्वतः. मग ती डोळे उघडायची. रविशंकरचा संथ श्वास, पंख्याची कुरकुर. गुरुवारी काय बिघडतं? पुन्हा एकदा छातीखालचं अंग दुसऱ्याच्या ताब्यात देऊन मोकळं व्हावं. निदान त्या हॉलमधून तरी उठता येईल. पण लगेच दुसरं वाटायचं, की तेवढ्यासाठी, केवळ भीतीतून सुटावं म्हणून, आपण ती पहाट कायमची देऊन टाकणार. नित्याच्या जन्माची ती अर्धवट पहाट, जिच्यात भीतीला काम मिळालं होतं.

गाडी रेड्डिरायर तळ्याच्या वळणावर, घरापाशी थांबली. नित्या आजीच्या हातातली बाटली घ्यायला धावली आणि ती मिळाली नाही म्हणून रुसली. दुपारी नित्या निजल्यावर अम्मांनी देवीचं तेल वाटीत काढलं. हा रिवाजच: देवीसमोर ठेवलेलं एरंडेल गरोदर बाईच्या ओटीपोटाला लावायचं, म्हणजे सुटका अलगद होते. श्रीविद्या कुशीवर आडवी झाली. अम्मांची बोटं जाड, कामानं खरबरीत, पण खुणेजवळ आली की ती इतकी हलकी व्हायची की आहेत की नाहीत कळू नये. तेल गार होतं. श्रीविद्याला वाटलं, आता नाही सांगितलं तर मग कधीच नाही.

“अम्मा, गुरुवारी मी जात नाही.”

बोटं थांबली नाहीत. “मग कधीं जातेस?”

“कळा लागल्यावर. डॉक्टरम्माशी बोलले आहे मी. त्या म्हणतात बघता येईल.”

आता थांबली. अम्मांनी वाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले, आणि श्रीविद्या व्याख्यानाची वाट बघत राहिली; रोहिणी, राहुकाळ, राजगोपालरावांचा फोन. ते आलं नाही. अम्मा भिंतीकडे बघत म्हणाल्या, “वसंता मणून बहीण होती मला. धाकटी. ठाऊक आहे का तुला?”

नाव ऐकून ठाऊक होतं. देवघराशेजारी एक फोटो होता, दोन वेण्या घातलेली मुलगी. कशानं गेली ते कुणी बोलत नसे, आणि सुनेनं विचारायचं नसतं.

“तिचें पहिलें असेंच कापून झालें. तेव्हां उभें कापीत. दुसऱ्या वेळीं तिरुविडैमरुदूरला सासरीं होती. तिचा सासरा म्हणाला, आमच्या घरांत दोनदा दोनदा कापीत नाहींत, दाई आहे, अवघें होतें. मी गेलें होतें मदतीला. कळ येते जाते, येते जाते. मध्यें बाई पाणी पिते, बोलते. वसंतेची कळ आली ती गेलीच नाही गे. पोट दगड झालें. आणि मग एकदम मऊ झालें. आम्हांला वाटलें, आतां बरें आहे. ती पण म्हणाली, अक्का, आतां नाही दुखत.” अम्मांनी वाटी पुन्हा उचलली. “बंडी जुंपून इकडे आणेपर्यंत रंग गेला होता. मूल आंतच.”

मग त्या पुन्हा तेल लावू लागल्या. इतकी वर्षं श्रीविद्या ज्याला नक्षत्रांचं वेड समजत होती, ते वेड नव्हतंच. या बाईला भीती सांगता येत नव्हती, म्हणून ती रोहिणी म्हणत होती. तिला अम्मांची दया आली, आणि दयेच्या पाठोपाठ संताप आला: हे आत्ता का सांगितलं? आता हॉलमधल्या त्या एका पानासमोर दोन वेण्यांची मुलगी येऊन बसली की. डॉक्टर म्हणाल्या होत्या, उभा छेद असता तर मी ऐकलंच नसतं, तुझा आडवा आहे, खालचा आहे. तिनं ते अम्मांना समजावलं. आडवा, खालचा, दवाखाना, रक्त, भुलेचे डॉक्टर. अम्मांनी ऐकून घेतलं. “मला काय समजतें,” त्या म्हणाल्या. “तूं शिकलेली आहेस. भय वाटतें मणून सांगितलें.” आणि ती दुपार तशीच गेली, अम्मांनी रात्री पिठलं केलं, ते श्रीविद्याला आवडतं म्हणून, आणि कुणालाच गेलं नाही.

रोहिणीला वाट बघावी लागलीच नाही. बुधवारी सकाळी, नित्याची वेणी घालताना, पाठीत कमरेपासून काहीतरी सरकत पुढे आलं आणि गेलं. थोड्या वेळानं पुन्हा आलं. श्रीविद्यानं वेणी पुरी केली, रिबिन बांधली, आणि मग म्हणाली, “रवी, गाडी काढ.” भीती होती, पण तिच्याबरोबर आणखी एक काहीतरी होतं, जवळजवळ लाज वाटावी असा आनंद. तिनं तो कुणाला दाखवला नाही. नित्याला शेजारी सोपवलं. अम्मांचा चेहरा मात्र पार पालटला होता. देवळातून आलो आणि दुसऱ्या दिवशी आपसूक कळा, याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच: देवीनंच दिल्या. “तिनें मनावर घेतलें आहे,” गाडीत त्या तीनदा म्हणाल्या, आणि कालची बाई कुठे गेली असं श्रीविद्याला वाटलं. माणूस किती दिवस भीत बसणार? पहिली फट दिसली की त्यातून बाहेर पडतो. अम्मा बाहेर पडल्या होत्या.

दवाखान्यात पोटाला पट्टा बांधला, त्याच्या यंत्रातून बाळाचं काळीज टपटप वाजायला लागलं. एका बाईला आत थांबता येत होतं, अम्मा थांबल्या. डॉक्टर येऊन जाऊन होत्या. दुपार व्हायला आली. कळा आता लाटा राहिल्या नव्हत्या. प्रत्येक कळ म्हणजे दार उघडायला आलेलं कुणीतरी, आणि दार म्हणजे आपणच. ती ओरडत होती आणि ओरडण्याची लाज वाटत नव्हती. मध्ये मोकळं व्हायचं. मध्ये अम्मा भिजलेल्या कापडानं तोंड पुसायच्या, नर्स ओठांना पाणी लावायची, आणि त्या मोकळ्या जागेत श्रीविद्याला एकदा चक्क हसू आलं, कारण पंखा घरच्यासारखाच कुरकुरत होता. नर्सनं तपासून सांगितलं, पिशवीचं तोंड जवळजवळ उघडलंय, थोडंच राहिलंय. अम्मांनी टाळी वाजवली. दाराच्या फटीतून रविशंकरला निरोप गेला, आणि तो पलीकडून, ज्यानं नऊ महिन्यांत एक मत दिलं नव्हतं तो, म्हणाला, “विद्या, जमतंय तुला, अजून थोडंच!” सगळ्यांचंच ठरलं होतं आता. ज्यांना गुरुवारी कापायचं होतं त्यांना बुधवारी सुटका हवी होती, आणि तिला? तिला तर ती सगळ्यांच्या आधीपासून हवी होती.

आणि मग एक कळ आली, ओसरली, आणि मागे काहीतरी ठेवून गेली. खाली, उजव्या अंगाला. चिमटा नव्हता. गरम, बारीक, एकाच जागी. पुढची कळ आली, तिच्यात ते बुडालं. कळ गेली, आणि ते तिथेच होतं. श्रीविद्यानं वाट बघितली. तिच्या भीतीचा तिला दांडगा अनुभव होता. ती भीती यायची तशी यायची, धडधड, घाम, हजार शक्यता, दोनशे बायका. आत्ता डोक्यात कुणीच नव्हतं. हॉल रिकामा होता. धडधडही नव्हती. फक्त ती एक जागा होती, आणि ती जागा थांबत नव्हती. यंत्रातली टपटप मध्येच अडखळली, पुन्हा सावरली. नर्स म्हणाली, बाळ खाली येताना असं होतं. थोडंच राहिलंय. थोडंच. श्रीविद्याला रडू फुटलं, दुखण्यानं नव्हे. ही पहाट पुन्हा अर्धवट राहणार हे तिला कळलं होतं आणि कळायला नको होतं. आणखी एक कळ थांबून बघावं का? एकच. कदाचित याच कळेत. तिला इतकं हवं होतं ते.

“अम्मा,” ती म्हणाली. तमिळ सुचेना, घरचंच तोंडात आलं. “हें जात नाही. कळ गेली तरी जात नाही. डॉक्टरम्माला सांगा, पोट उघडा म्हणावं. आत्ता.”

डॉक्टर दारातच होत्या. “काय म्हणतेय ती?”

अम्मांनी श्रीविद्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. तमिळमध्ये म्हणाल्या, “घाबरलीय पोर. भीती वाटते म्हणतेय.”

श्रीविद्यानं अम्मांकडे पाहिलं. अम्मा तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या देवीकडे बघत होत्या, जी त्या खोलीत नव्हती. नर्स म्हणाली, भिऊ नको मा, सगळ्या असंच म्हणतात शेवटी. पुढची कळ पाठीतून सरकू लागली होती. ती येऊन पोचायच्या आत श्रीविद्यानं कोपरावर अर्धं अंग उचललं आणि एकेक तमिळ शब्द गोळा करून म्हणाली, “मी घाबरलेली नाही. कळ जाते, दुखणं जात नाही. जुन्या टाक्यावर, इथे. मला थांबायचं नाही.”

डॉक्टरांनी एक पाऊल पुढे टाकून तिथे बोटं टेकवली, श्रीविद्याचं तोंड पाहिलं, यंत्राचा कागद पाहिला, आणि वळून नर्सला इतकंच म्हणाल्या, “ऑपरेशन थिएटर. धावत.”

मग छताचे दिवे एकामागून एक डोक्यावरून गेले. पाठीत सुई, गारवा, छातीखालचं अंग पुन्हा गेलं. पण या वेळी ते तिनं आपल्या हातानं दिलं होतं, आणि तरीही तिला फार वाईट वाटत होतं, हरवल्यासारखं. हिरवा पडदा. पलीकडे हातांची घाई, आणि एकाएकी ती घाई थांबली. तिला वाटलं, बाळ गेलं.

“श्रीविद्या, जागी आहेस?” डॉक्टरांचा आवाज.

“आहे.”

“पिशवी मी अजून कापलेली नाही. जुन्या टाक्यापाशी ती इतकी पातळ झालीय की आरपार दिसतंय. बाळाचे केस दिसतायत मला. खूप केस आहेत.”

“फाटलीय?”

“एका कडेनं सुटायला लागलीय.” मग त्या म्हणाल्या, “आम्ही वेळेत आलोय.”

रडणं ऐकू आलं तेव्हा तिला ते आपलंच वाटलं. मग ते पडद्यावरून वर आलं, ओलं, काळ्याभोर केसांचं, रागावलेलं, आणि कुणीतरी म्हणालं मुलगी. तिनं ओठ टेकवले. पलीकडे डॉक्टर शिवत होत्या. श्रीविद्यानं विचारलं, अजून एक कळ थांबले असते तर? डॉक्टर शिवत राहिल्या. दुसऱ्यांदा विचारायचं तिला धैर्य झालं नाही.

संध्याकाळी तिला खोलीत आणलं. रविशंकर एका हातात बाळ आणि एका हातात फोन घेऊन उभा होता, फोनवर तंजावरचे अप्पा जन्मवेळ विचारत होते, आणि तो सासऱ्यांना म्हणत होता, “नंतर, मामा. नंतर.” अम्मा पायाशी बसल्या होत्या. भूल अजून उतरली नव्हती, पाय तिचे नव्हते. अम्मा ते दाबत होत्या हे तिला दिसत होतं, लागत नव्हतं. रविशंकर बाळाला घेऊन बाहेर गेल्यावर अम्मा म्हणाल्या, “तूं सांगितलेंस तें मी त्यांना सांगितलें नाहीं.”

“ठाऊक आहे.”

“मला ऐकूं आलें होतें. चांगलें ऐकूं आलें. मला वाटलें, हें ऐकूं आलेंच नाहीं असें केलें, तर मग तें नसेल.” त्यांचे हात थांबले. “वसंता पण म्हणत होती, हें जात नाहीं. कळेंत तिला तमिळ सुचत नव्हती, दाईला मराठी येत नव्हती. मधें मीच होतें.”

श्रीविद्याला राग आला होता. थकव्याखाली, गुंगीखाली, तो तसाच होता, आणि तो लवकर जाणार नाही हे तिला कळत होतं. पाय मात्र तिनं मागे घेतले नाहीत. ते तिला अजून हलवता येत नव्हते. थोड्या वेळानं बाळ रडलं, आणि अम्मा उठून ते घेऊन आल्या.